खालचा झरोका

सकाळी आठच्या सुमारास माधवगंजातल्या घरी तळघरात उतरलेले संभाजीराव हाकेला ओ देईनासे झाले. त्यांच्या कंबरेला दोर होता. दोराचं दुसरं टोक त्यांच्या पत्नीच्या, शालिनीताईंच्या हातात होतं.

१९४८चा जून. संस्थान विलीन झालं होतं आणि हत्यारं जमा करण्याचा हुकूम निघाला होता. थोरले भाऊ महिपतराव यांनी घराण्याच्या तलवारी मेणकापडात गुंडाळून तळघराच्या खालच्या झरोक्यात कोंबल्या होत्या, वरून शेणमातीने लिंपलं होतं. तळघरात बियाण्याचे बटाटे होते. घरात वीज नव्हती. अंगणातल्या या झरोक्यातून गार हवा आत शिरे, आणि तळघरातून छपरावर गेलेलं काळं नळकांडं उन्हाने तापलं की आतली हवा वर ओढून घेई. लिंपल्यापासून तळघरात कुजका वास कोंडला होता.

“गस्त होऊन जाऊ दे, मग झरोका उघडू,” महिपतराव म्हणाले होते.

“तोवर बियाणं सडेल, दादासाहेब. मग शेतात काय तलवारी लावायच्या?” असं म्हणून संभाजीराव कंदील घेऊन उतरले.

कंदील जिन्यातच विझला. “तेल संपलं वाटतं,” खालून आवाज आला. त्यानंतर काही नाही.

शालिनीताईंनी दोर ओढला. तो हलेना.

“दादासाहेब, झरोका फोडा.”

महिपतरावांनी रस्त्याकडे पाहिलं. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी होती.

“दादासाहेब.”

त्यांनी पहार उचलली. मेणकापड फाटून तलवारी फरशीवर खणखणत पडल्या. शेजारचे जगदेवराव दारात आले. “आवाज दूर तक जातोय, महिपतराव,” ते म्हणाले आणि आत येऊन दोराला लागले.

तिघांनी मिळून संभाजीरावांना वर ओढलं, झरोक्याजवळ निजवलं. छाती हलत नव्हती. जगदेवराव डॉक्टरांकडे धावले. महिपतराव भावाच्या बरगड्या दाबत राहिले.

हवा खेळते का हे पाहायला या घरात झरोक्याशी उदबत्ती धरत. शालिनीताईंनी ती लावली आणि नवऱ्याच्या नाकाशी धरली. धूर सरळ वर गेला. मग तो वळला, झरोक्यात शिरला, थांबला, बाहेर आला. पुन्हा आत गेला.

महिपतरावांचे हात थांबले. “हा झरोका नुसता आत ओढतो. बाहेर टाकत नाही.”

“आज टाकतोय,” शालिनीताई म्हणाल्या. “तुम्ही दाबत राहा. त्याच्या लयीत दाबा.”

पोलीस अंगणात आले तेव्हा तलवारी तशाच पडल्या होत्या. त्यांच्यावरून पाय उचलत हवालदार पुढे आला आणि धुराकडे पाहत उभा राहिला.

डॉक्टर अजून यायचे होते. शालिनीताईंनी पहिल्या उदबत्तीवर दुसरी पेटवली.