गुरुदत्तरावांचे सुविचार

"सर, तुमची मेल अजून आलेली नाही," सुरुची फोनवर म्हणाली. "आज संध्याकाळी यादी बंद होईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"मी परवाच पाठवली आहे!" गुरुदत्त चुरींनी रिसीव्हर आपटला.

सुरुचीची कंपनी मुंबईतल्या ऑफिसांना नववर्षाच्या भेटीचे डबे पुरवत असे. यंदा त्यांना डब्यांत वटार गावची सुकेळी हवी होती. राजेळी केळी सोलून, दिवसचे दिवस उन्हात वाळवून केलेली. चुरींच्या घरचा सगळा माल या एका ऑर्डरीत निघाला असता. ती हुकली तर माळ्यावरच्या टोपल्यांना बुरशी धरायला वेळ लागणार नव्हता. दर आणि तारीख लेखी द्यायची होती, आणि तीही मेलनेच.

"त्यांचं मशीन गाढव आहे," गुरुदत्तराव म्हणाले.

समोर जितेश बसला होता. एव्हरशाईन सिटीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने गुरुदत्तरावांच्या पैसे भरून घेतलेल्या, खास चुरींच्या नावाच्या पत्त्यावरून स्वतःलाच एक मेल पाठवून पाहिली होती.

"काका, मेल पोचते. पण स्पॅममध्ये पडते. म्हणजे कचऱ्याच्या टोपलीत. सेटिंग सगळं बरोबर आहे. तुम्ही एकदम भरपूर लोकांना काही पाठवता का? जाहिरात वगैरे?"

"जाहिरात? छे! मी रोज सकाळी फक्त एक सुविचार पाठवतो."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

सगळ्यांमध्ये गिऱ्हाईकं होती, ज्ञातीतली माणसं होती, व्याही होते, बँकेचा मॅनेजर होता, दातांचा डॉक्टर होता. ज्याने आयुष्यात एकदा सुकेळीचा भाव विचारला, तोही होता. सुविचार गुरुदत्तराव स्वतः रचत. 'केळीसारखे जगावे, घड द्यावा आणि आडवे व्हावे' हा त्यांच्या मते सर्वोत्तम. तो त्यांनी नवीन लग्न झालेल्या भाच्यालाही पाठवला होता.

जितेशने खाकरून घेतलं. "काका, लोक कंटाळले की स्पॅमचं बटण दाबतात. खूप जणांनी दाबलं की तुमच्याकडून येणारं सगळंच कचरा ठरतं. मग सुकेळीचा दरसुद्धा."

"माझी माणसं असं करतील?" गुरुदत्तराव हसले. "अरे, लग्नात, बाजारात, जिथे जातो तिथे लोक थांबवून माझे विचार वाखाणतात."

ते खोटं नव्हतं. वटारमध्ये कुणी कुणाला तोंडावर नको म्हणत नाही. बेसूर गाणाऱ्यालाही तिथे 'आणखी एक होऊन जाऊ द्या' म्हणतात आणि चपला शोधू लागतात. गुरुदत्तरावांना हे ठाऊक होतं. फक्त ते इतरांना लागू आहे, असं त्यांना वाटत होतं. घडातलं केळं दाबून पाहिल्याशिवाय न घेणाऱ्या या माणसाने स्तुती मात्र कधी दाबून पाहिली नव्हती.

त्यांनी शेजारच्या फ्रेडरिकला फोन लावला आणि जितेशला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"फ्रेडरिक, आजचा विचार वाचलास?"

"वाचला म्हंजे काय! काय लिवता भाऊ तुम्ही! डोल्यात पानी आलं. आमच्या थेरेसाला पन वाचून दाखवला."

"ऐकलंस?" गुरुदत्तरावांनी विजयी मुद्रेने फोन ठेवला.

त्या दिवशीचा विचार गटार तुंबू न देण्याविषयी होता.

जितेशने वाद घातला नाही. "मग असं करू. फुकटच्या मेलवर एक नवीन पत्ता काढू. तिथून पाठवा."

"स्वतःच्या नावाची पाटी असताना भाड्याच्या टपरीवरून बोलू? चुरी आहे मी! पोचेल तर याच पत्त्यावरून पोचेल. आणि माझी मेल कचऱ्यात शोधा, असं मी त्या सुरुचीला सांगणार नाही."

ऊन उतरू लागलं. गुरुदत्तरावांनी तीच मेल पुन्हा पाठवली, मग पुन्हा. प्रत्येक वेळी दराखाली एक नवीन सुविचार जोडला. सुरुचीकडून काहीच आलं नाही.

अंगणात सुकेळी उलटून प्रेमलताबाई आत आल्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले.

"अहो, उठा जरा."

"तुला काय कळतंय यातलं?"

"दिशाला लिहिते ना मी. उठा."

परदेशातल्या लेकीशी बोलायला त्यांनी कधीच एक फुकटचा पत्ता काढून घेतला होता. एकेक अक्षर शोधत त्यांनी दर लिहिला, वजन लिहिलं, तारीख लिहिली. खाली फक्त नाव. मेल गेली. जितेशचा चहा संपायच्या आत सुरुचीचं उत्तर आलं : 'मिळालं, काकू. ऑर्डर पक्की.'

जितेशने सुटकेचा श्वास सोडला. गुरुदत्तराव मात्र लाल झाले होते.

"हिचं पोचतं आणि माझं नाही? जितेश, हिच्या मेलमध्ये बघ. माझे विचार हिला तरी येतात ना?"

जितेशने स्पॅम उघडलं. सगळे विचार तिथे ओळीने पडले होते. एकही उघडलेला नव्हता.

"बघ! नवऱ्याचा शब्द बायकोपर्यंत पोचू देत नाही हे मशीन!" गुरुदत्तराव गरजले. "कुठे असतं ते तुझं बटण? दाखव मला. उद्याच सगळ्यांना कळवतो, त्याला कुणी हात लावायचा नाही म्हणून."

जितेश इनबॉक्समध्ये परतला आणि पडद्यावर बटण शोधू लागला. या मेलची मांडणी वेगळी होती, त्याला ते पटकन सापडेना.

प्रेमलताबाईंनी त्याच्या हातातून माऊस घेतला. बाण सरळ, न अडखळता, एका कोपऱ्यात जाऊन थांबला.

"हे काय, इथे," त्या म्हणाल्या. "आळीतल्या सगळ्यांना मीच दाखवलं."