भाऊबीजेचा पाट

ओवाळून झालं, तसा श्रीपादने तबकात मावणार नाही एवढा मोठा खोका बहिणीपुढे सरकवला. "एअर फ्रायर आहे, ताई. तेल नको, तूप नको. आता सगळ्यांच्या तब्येती सांभाळ."

उज्ज्वला खोक्याकडे बघत राहिली. सासऱ्यांना तळलेलीच चकली लागायची. नवऱ्याच्या डायबेटिसमुळे खजुराचे लाडू वेगळे, जिमला जाणाऱ्या लेकासाठी भाजक्या पोह्यांचा चिवडा वेगळा. "छान आहे," ती म्हणाली. "म्हणजे पुढच्या वर्षी चकल्या दोनदा करायच्या."

तबक उचलून उठताना तिने भिंतीला हात टेकला. श्रीपादने ते काढून घेतलं. "सकाळपासून काय खाल्लंस?"

तिला आठवेना. मीठ बघायला चिवडा चाखला होता, बहुतेक तेवढाच.

तो पाटावरून उठला आणि दंडाला धरून त्याने तिलाच तिथे बसवलं. एकटा राहत असल्यामुळे मुगाची मऊ खिचडी तेवढी त्याला जमायची. कुकर होईपर्यंत ती दोनदा उठली, दोनदा त्याने बसवलं. मग वाफाळती खिचडी वाढली, वर तूप, शेजारी लिंबाची फोड.

पहिल्याच घासाला तिची जीभ पोळली. गरम जेवण असं पोळतं, हे ती विसरूनच गेली होती.

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याची हाक आली, "अगं, चहा टाकतेस ना?"

सवयीने ती उठू लागली. श्रीपादने तिच्या ताटात आणखी एक डाव वाढला आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, ताई जेवतेय."