बोटं ओळखणारा नळ

निलोफरच्या सामानाचा टेम्पो गल्लीबाहेर पडला आणि नानांच्या मोबाइलवर नळाची यादी आली. पाण्याचं बिल घरमालक नाना आणि भाडेकरू निलोफर निम्मं निम्मं भरायचे, आणि ते वाढतच चाललं होतं. म्हणून नानांनी महिन्यापूर्वी अंगणात बोटं ओळखणारा नळ बसवला; तो कुणी उघडला, कुणी बंद केला, याची यादी महिन्याने मोबाइलवर यायची होती. पण पाणी तीच वाया घालवते असं धरून, यादीची वाट न बघताच त्यांनी निलोफरला खोली सोडायला लावली.

"नाना, नळाकडे लक्ष ठेवा हं," जाताना ती म्हणाली.

"आता तू मला शिकवणार?" नाना तिच्यावर खेकसले होते.

चष्मा लावून ते यादी वाचू लागले. सहा वाजता उघडला: नाना. सात वाजता बंद केला: निलोफर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. नळ असा उघडा टाकल्याचं त्यांना एकदाही आठवेना. हिला मात्र सगळं माहीत होतं, तरी ती मुकाट्याने निम्मं बिल भरत राहिली.

शेवटची ओळ आज सकाळची होती. उघडला: नाना.

तिच्याखाली काहीच नव्हतं. अंगणात पाणी वाहत होतं.