'ऑर्सिनी'वरचा फितूर

तिसऱ्यांदा तेच घडलं. मेसीना बंदरातून निघालेली 'ऑर्सिनी' ही लढाऊ क्रूझर लिबियाच्या अर्ध्या वाटेवरही पोचली नव्हती, तोच इंग्रजांची विमानं आली. जणू वाटच पाहत बसली होती. 'ऑर्सिनी'च्या राखणीतली दोन्ही मालवाहू जहाजं बुडाली. मागच्या तोफेवरची सगळी पोरं गेली. गास्पारेच्या हाताखालची पोरं.

"आपल्यात कुणीतरी फितूर आहे," जेवताना गास्पारे म्हणाला.

समोर तूलियो होता. इशाऱ्याचे दिवे-बावटे सांभाळणारा, लढाईआधी कार्डिफच्या गोदीत राबलेला, फाडफाड इंग्रजी बोलणारा.

"मग माझ्याकडे काय बघतोस? जेव की."

"निघायच्या आदल्या दिवशी तू जातोस कुठं रे?"

"चर्चला."

"तू? तुला साधी क्रूसाची खूण करताना पाहिलं नाही कधी!"

तूलियो हसला, पण पाव तसाच टाकून उठला.

पुढच्या खेपेआधी गास्पारे त्याच्या मागावर गेला. मासळीबाजारामागं बंद खिडक्यांचं एक घर होतं. दार किलकिलं झालं, तूलियो आत शिरला. आतून इंग्रजी बोलणं ऐकू आलं. गास्पारेनं तडक कप्तान गाठला.

शिपायांनी घरातून एका इंग्रज बाईला बाहेर काढलं.

"बायको आहे माझी!" तूलियो ओरडला. "इंग्रज म्हणून कैदछावणीत टाकाल, म्हणून लपवली. तिला जहाजाचं नावही ठाऊक नाही! गास्पारे, तू तरी सांग की रे. एका ताटात जेवलोय आपण!"

गास्पारेनं मान फिरवली. आठवडाभरात तूलियोला गोळ्या घातल्या.

त्यानंतर 'ऑर्सिनी' निघाली, ती सुखरूप पोचली. पुढच्या खेपेलाही आभाळ मोकळं. खलाशांनी गास्पारेला खांद्यावर घेतलं. तूलियोचा तो ओरडा अधूनमधून आठवे, पण आता त्याला झोप लागत होती.

तिसऱ्या खेपेला किनारा दिसेनासा झाला, तेव्हा कप्तान खुशीत त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"एक कटकट मिटली बघ. तूलियोला धरला त्याच दिवशी मुख्यालयाचं बिनतारी यंत्र बंद पडलं होतं. निघायचा हुकूम मोटारसायकलवरून यायचा, वाट बघून जीव जायचा."

"आणि आज, साहेब?"

"दुरुस्त झालं ना! आजचा हुकूम बिनतारीवरून आला, पहिल्यासारखा."

गास्पारेनं कठडा घट्ट धरला. बिनतारीवरचा हुकूम इंग्रजांनाही ऐकू जात होता तर! वरून टेहळ्या ओरडला, "विमानं!"