पेशींभोवतीची मोकळी जागा

"हा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत उशिरा पडलाय," सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता सर म्हणाले. "आक्रसलाय, म्हणून पेशींच्या पुंजक्यांभोवती मोकळी जागा दिसते. स्तनाचा नेहमीचाच कॅन्सर आहे. लिही."

धाकट्या डॉक्टरने लिहिलं नाही.

"सर, पुंजके मधे पोकळ आहेत. मोजा उलटा करावा तशी आतली बाजू बाहेर आलीय. हा दुर्मिळ प्रकार आहे, काखेतल्या गाठींत फार लवकर शिरतो. एक स्टेन करू. पुंजक्यांची बाहेरची कड रंगली की वादच मिटला."

"सुट्टी मारून आलीस आणि आल्या आल्या माझं डोकं खातेस?"

काचेवरचं नाव पट्टी चिकटवून झाकायचं आणि नुसता नंबर ठेवायचा, हा या लॅबमधला सरांचाच नियम. ओळखीने नजर बिघडते म्हणे. नजर बिघडायला ओळख कशाला हवी? हट्ट पुरतो, आणि तो सरांकडे पोत्याने होता.

तिने वरच्या फळीवरची स्टेनची बाटली डाव्या हाताने काढली. उजवा अंगाशीच धरला होता.

"ठेव ती खाली. रिपोर्टवर सही माझी असते."

"उद्या सर्जन तोच रिपोर्ट वाचून ठरवणार, काखेत किती शोधायचं ते." ती म्हणाली. "या पेशंटची मुलगी पहिलीत आहे, सर."

"म्हणजे ओळखीची आहे तर. कोण, बहीण?"

"मला बहीण नाही."

"मग एवढा पुळका कशाला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं ती या माणसापुढे मान डोलावत आली होती. पटो न पटो, हो सर, बरोबर सर. स्वतःचीही तिला तेवढीच चीड आली.

"तुकडा उशिरा पडलेला नाही," ती म्हणाली. "सुईतून निघाला तसा लगेच बाटलीत गेला. मी डोळ्यांनी पाहिलंय."

आता सर खुर्चीसकट वळले. "तू पाहिलंस? सुई घालताना तू काय तिथे शेजारी उभी होतीस?"

"नाही," ती म्हणाली. "आडवी होते."