दोन कार्डं आणि एक घोडा

"हे नवं कार्ड," कुबानने डावीकडच्या संगणकावर बोट ठेवलं. "सेकंदाला एकशे वीस चित्रं काढतं. उजवीकडे जुनं. तीस, तीही लाडीगोडी लावली तर. मेमरी दोघांची सोळा जीबी. बाकी तुलनाच नाही, पोरी."

कुबानच्या दुकानात दुपारचं ऊन टेबलापर्यंत आलं होतं. दोन्ही संगणक अगदी सारखे, फरक फक्त आतल्या ग्राफिक्स कार्डाचा. दोन्ही पडद्यांवर त्याच्याशेजारी उभ्या चोलपोनने उभारलेलं गाव थांबलं होतं. खरं गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन पन्नास वर्षं झाली. तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. म्हाताऱ्यांना विचारून, पिवळे फोटो गोळा करून तिने दोन वर्षांत एकेक भिंत, एकेक झाड उभं केलं होतं. सोमवारी ते संग्रहालयात लागणार होतं, आणि त्यासाठी कुबान एक कार्ड आठवडाभर उसनं देणार होता.

पण "हो, हे आमचं गाव" असं सांगू शकणारा त्या म्हाताऱ्यांपैकी आता एकच उरला होता. तिचे आजोबा, ओमुरकुल. आणि घरच्या जुनाट लॅपटॉपवर पाहून ते तीनदा नाही म्हणाले होते. तिथे घोडा एक पाऊल टाकायचा आणि विचार करत उभा राहायचा. "हा घोडा मेलाय," आजोबा म्हणाले होते, "त्याला कोणी सांगितलेलं नाही, एवढंच."

आज चौथ्यांदा नाही आलं, तर ती दोन वर्षं पाण्यातच गेली, हे चोलपोनला पक्कं ठाऊक होतं.

"बसा, अक्साकाल," वडीलधाऱ्यांना मारतात ती हाक मारत कुबानने दाराशी उभ्या आजोबांपुढे खुर्ची सरकवली. "आज घोडा जिवंत होतो की नाही बघा."

आजोबा बसले. डोक्यावरची पांढरी टोपी त्यांनी गुडघ्यावर ठेवली. चोलपोनने नव्या कार्डावरचं गाव सुरू केलं.

पडद्यावर घोड्याचे दोन कान आणि समोर वाट. गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. कालव्याच्या पाण्यात ढग उतरले होते. कुबान स्वतःच केल्यासारखा खूश होऊन हसला. घोडा निघाला आणि बघता बघता उधळला. जर्दाळूची बाग मागे गेली, पॉपलरच्या झाडांची रांग मागे गेली, पहिलं घर समोर आलं. दारात एक बाई डोळ्यांवर हात धरून उभी होती.

आजोबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग टोपी उचलून तोंडावर धरली.

"कोण गेलं?" त्यांनी टोपीआडून विचारलं.

चोलपोनने घाईघाईने पडदा थांबवला. ती शहरात वाढलेली, पण एवढं तिलाही कळायला हवं होतं. आमच्याकडे घोडा उधळत गावात शिरतो तो एकाच निरोपासाठी, कोणीतरी गेल्याच्या. दारातली बाई आधी घोड्याची चाल बघते, माणसाचा चेहरा मागाहून.

"मी असा कधी गावात शिरलो नाही," आजोबा म्हणाले. ते उठून कोट चढवू लागले. "हे माझं गाव नाही. माझी आई दारातच कोसळेल."

कुबान तिच्या प्रोग्राममध्ये डोकावला आणि त्याने कपाळाला हात लावला. "दर चित्रामागे घोडा ठरावीक अंतर पुढे, असं लिहिलंयस? अगं, मग चित्रं चौपट झाली की घोडाही चौपट पळणार. ही पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक आहे."

"पाच मिनिटांत दुरुस्त करते, दादा," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

पण आजोबांचा एक हात बाहीत गेला होता. पाच मिनिटं ते थांबणार नव्हते. तिने त्यांचा दुसरा हात धरला आणि त्यांना उजवीकडच्या पडद्यासमोर बसवलं.

जुन्या कार्डावर घोडा चालत निघाला. गवत जरा भरड दिसत होतं. पॉपलरची पानं मध्येच थांबत, मध्येच हलत.

"झाडं अडखळतात," कुबान ओशाळून म्हणाला.

"वारा आहे," आजोबा म्हणाले.

घोडा बागेजवळून गेला, कालव्याच्या कडेने गेला. आजोबांचे खांदे त्याच्या चालीबरोबर हलत होते. चोलपोनला ते पाहून रडू येत होतं, पण तिने घोडा चालवणाऱ्या कळीवरून बोट हलवलं नाही.

"डावीकडून घे. इथे खड्डा आहे," ते म्हणाले.

तिने असा खड्डा केलेलाच नव्हता. तरी तिने घोडा डावीकडून घेतला.

"बस. आता उतर. पुढे पायी जायचं."

तिने घोडा थांबवला आणि नजर माणसाच्या उंचीवर आणली. दार अगदी समोर आलं. डोळ्यांवर हात धरलेली बाई तशीच उभी राहिली. तिला हलायला चोलपोनने शिकवलंच नव्हतं.

आजोबा खाकरले, दाराशी आलेला पुरुष खाकरतो तसे. आणि थांबले.

पडद्यावर काहीच झालं नाही. कुबानने मान खाली घातली. चोलपोनला राहवेना. "आजोबा, ती बोलत नाही हो. मी तिला तसं बनवलंच नाही."

"कशाला बोलायला हवं?" तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "घोडा चालत आला ना. आपले सगळे जिवंत आहेत, हे कळलं तिला."