पुष्पाबाईंचं कार्ड

"अम्माजी, नींद आ रही है?" डॉक्टरांनी कार्ड उघडत विचारलं.

"कहाँ साहब! तीन बजे से आँख खुली रहती है," पुष्पाबाई म्हणाल्या. शेजारी त्यांची सून विनता मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती.

सिविल लाइन्समधल्या या मनोविकारतज्ज्ञाकडे पुष्पाबाईंचं कार्ड निघाल्याला चार वर्षं झाली होती. दर महिन्याला दोघी तोंड झाकून यायच्या. विनता एका खासगी इस्पितळात नर्स होती. नवरा मुरलीधर गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं. इस्पितळात तिनं सासूचे गुडघे दुखतात म्हणून सांगून ठेवलं होतं.

दुसरं सांगणार तरी काय? मागच्या वर्षी तिथल्याच हेमलता नावाच्या नर्सच्या पर्समध्ये अशाच डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, आणि दुपारपर्यंत तिला कायमचं घरी बसवलं. बारा वर्षांत बिचारीचं एक इंजेक्शन चुकलं नव्हतं. दिवसभर आजाऱ्यांत वावरणाऱ्या माणसांनी एका आजाराला इतकं भ्यावं, याची चीड येते. विनताच्या घरात हे औषध आहे एवढं कळलं असतं, तरी तिचे हात थरथरतात का ते बघायला सगळे टपले असते.

"और कुछ मन में आता है?"

पुष्पाबाई म्हणाल्या, "तिलवारा के पुल पर जाती हूँ, तो नीचे नदी को ही देखती रहती हूँ. लगता है, बस, अब हो गया."

विनतानं मान खाली घातली.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि चिठ्ठी विनताकडे दिली. "आप नर्स हैं, अच्छा है. दवा अपने पास रखिए, अम्माजी के हाथ न लगे. और इन्हें अकेला मत छोड़िए."

"जी," विनता म्हणाली. तिची दोन वाजताची ड्युटी होती, आणि सुटी मागायची तर कारण द्यावं लागलं असतं.

वाटेत औषधं घेऊन दोघी घरी आल्या. विनतानं घाईघाईनं गणवेश चढवला. तेवढ्यात पुष्पाबाईंनी तिच्या पर्समधल्या सगळ्या गोळ्या काढून आपल्या पेटीत ठेवल्या आणि कुलूप लावलं. एक गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन त्या दारात तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"घे, माझ्यासमोर गिळ," त्या म्हणाल्या. "अन् पुलाचं तू काल रडून रडून सांगितलं, तसंच सांगितलं न मी?"